पेडलबोर्ड लावताना: आधी नॉईज ओळखा, गेट नंतर घ्या

इलेक्ट्रिक गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून तार छेडा. हा जी, साधारण ९८ हर्ट्झचा. आता तारा तळहाताने बंद करा आणि ॲम्पची घरघर ऐका. ती या जीच्या केसभर वर लागत असेल तर १०० हर्ट्झची, एक सप्तक खाली असेल तर ५० ची. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, त्यामुळे मुंबईतला हम (हीच घरघर) बहुधा याच दोन जागी सापडतो. (अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्याने तिकडच्या व्हिडिओंतला हम वेगळ्या सुरात असतो. तुलना करत बसू नका.) ५० चा हम बहुतेक वेळा पिकअपने (तारांचं कंपन टिपणाऱ्या कॉइलने) हवेतून पकडलेला किंवा अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याने झालेल्या फेऱ्यातून आलेला असतो. १०० चा असेल तर आधी ॲडॅप्टरवर संशय घ्यायचा, कारण त्यातला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो आणि गाळून उरलेली लहर दुप्पट वेगाची होते.

बाकीचे आवाज सुरावर ओळखता येत नाहीत, पोतावर येतात. काटेरी, झणझणता बझ म्हणजे डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर. बारीक, उंच शिट्टी म्हणजे डिजिटल पेडलचं क्लॉक (आतल्या चिपला ठोका देणारं सर्किट). पावसासारखी सरसर म्हणजे गेन (सिग्नल किती वाढवला ते) जास्त. केबल हलवली की कटकट, तर सोल्डर किंवा जॅक. एवढं ओळखता येण्याआधी नॉईज गेट घेणं म्हणजे पैसे घालवणं. गेट तुम्ही थांबलात की दार लावतो, वाजवताना नॉईज सुराबरोबर बाहेर येतोच.

शोध नेहमी बोर्ड (पेडलं मांडलेली फळी) बाजूला ठेवून सुरू करायचा. गिटार एकाच केबलने सरळ ॲम्पला. इथेच हम असेल तर पेडलांचा दोष नाही. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर घाबरू नका: आपलं शरीर अँटेनासारखं वागतं, आणि ब्रिजची अर्थ-वायर जोडलेली असल्याचीच ती खूण. हात लावल्यावर हम वाढला तर ती वायर तुटली असण्याची शक्यता मोठी. बोटांना मुंग्या आल्या तर मात्र तिथेच थांबा, त्याबद्दल शेवटी. सिंगल कॉइल पिकअप असेल तर उभ्याने हळूहळू गोल फिरा. एका दिशेला हम जवळजवळ नाहीसा होतो. खोलीत वाजवताना तीच आपली जागा. मग पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण पाचवर न्या, ट्यूबलाइट बंद करा, फोन गिटारपासून लांब ठेवा, आणि लॅपटॉपमधून वाजवत असाल तर त्याचा चार्जर काढून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

इथवर शांत झालं की पेडलं एकेक करून जोडा. ज्या पेडलला नॉईज सुरू होतो, तिथे बहुतेक वेळा गाठ पडते ती वीजपुरवठ्याशी.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो, मधला टोक निगेटिव्ह. घरातल्या वायफाय राउटरच्या ॲडॅप्टरची पिन दिसायला अगदी तशीच, पण तो सहसा १२ व्होल्टचा आणि मधला टोक पॉझिटिव्ह. ‘पिन बसतेय ना’ म्हणून लावलेल्या अशा ॲडॅप्टरने पेडल जळतं. म्हणून नवा ॲडॅप्टर आधी मल्टिमीटरवर: लाल प्रोब पिनच्या आत, काळा बाहेरच्या कड्यावर. वाचन उणे ९ च्या आसपास आलं तर ठीक. उणे १२-१३ आलं तर तो बहुधा अनरेग्युलेटेड आहे, परत करा.

मिलिअँपची बेरीज कागदावर करा. समजा ट्यूनर ३०, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटवणारं पेडल) १०, कोरस (आवाज दुहेरी भासवणारं) २०, डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं) १५०, एकूण २१०. अशा वेळी किमान ३०० मिलिअँपचा सप्लाय घ्या. ॲडॅप्टरवर लिहिलेला मिलिअँपचा आकडा पेडलच्या गरजेपेक्षा मोठा असला तर काही बिघडत नाही, पेडल हवा तेवढाच करंट ओढतं. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत.

एका ॲडॅप्टरवरून पाच तोंडांची माळ लावली की ग्राउंड (सर्किटची सामायिक शून्य बाजू) दोन वाटांनी जोडला जातो: एकदा पॉवरच्या वायरीतून, दुसऱ्यांदा पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या पॅच केबलच्या जाळीतून. सगळी पेडलं ॲनालॉग असतील तर माळ पुष्कळदा शांतपणे चालते. त्यात एक डिजिटल डिले आला की त्याच्या क्लॉकची शिट्टी त्या सामायिक ग्राउंडवरून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे मोठी होते. खात्री करायची तर ओव्हरड्राइव्ह माळेतून काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. शिट्टी गेली की निदान पक्कं. उपाय दोनच, डिलेला वेगळा ॲडॅप्टर किंवा प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असलेला आयसोलेटेड सप्लाय. आमच्या मते पहिली मोठी खरेदी हीच असावी, तिसऱ्या पेडलच्याही आधी.

खोक्यावर ‘आयसोलेटेड’ छापलं म्हणून विश्वास ठेवू नका. सप्लाय प्लगमधून काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि दोन आउटपुटच्या मधल्या टोकांना एकेक प्रोब लावा. बीप वाजला तर ग्राउंड एकच आहे, म्हणजे ती सजवलेली माळच. आणखी एक अपवाद: जुन्या धाटणीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ (आवाज खूप फाटवणारी पेडलं) कधी कधी पॉझिटिव्ह ग्राउंडचे असतात. ते माळेत लावले तर सप्लाय शॉर्ट होतो. त्यांना बॅटरी द्या.

क्रमाबद्दल फार डोकं खाऊ नका. ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब, असं लावून सुरुवात करा. फक्त फझला गिटार थेट मिळू द्या, त्याच्या आधी बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) नको. आणि कॉम्प्रेसर बारीक आवाज उचलून धरतो, त्यामुळे त्याचं लेव्हल बेताचं. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटर येताना, सहा मीटर ॲम्पकडे जाताना, आणि सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल तसाच सरळ पुढे सोडणारी) असतील तर वरचे सूर मंद होतात. सुरुवातीला एखादं बफर असलेलं पेडल ठेवलं की ते भागतं.

बॉसचं साधं पेडल ७३ मिलिमीटर रुंद. जॅक धरून प्रत्येकी १० सेंटिमीटर मोजा, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या बोर्डवर एका रांगेत सहा. पॉवरच्या वायरी एका कडेने न्या, पॅच केबल दुसऱ्या. जिथे ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात ओलांडा. वाहच्या पोटात कॉइल असते, ती ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायजवळ ठेवली की हम पकडते.

पॅच केबल स्वतः बनवणं स्वस्त पडतं. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर जॅक, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर वायर आणि मल्टिमीटर एका फेरीत होतं. केबल सोलताना एक गोष्ट हमखास चुकते. बाहेरची जाळी मागे दुमडली की मधल्या इन्सुलेशनवर काळ्या प्लास्टिकचा पातळ थर दिसतो. तो इन्सुलेशन वाटतो, पण त्यातून वीज वाहते. केबल हलवल्यावर येणारी खरखर कमी करायला तो घातलेला असतो. तो टिपच्या (जॅकच्या टोकाच्या) सोल्डरपर्यंत राहिला तर सिग्नल थोडा थोडा ग्राउंडला गळतो, आवाज बारीक आणि मंद येतो, आणि बीप टेस्टमध्ये केबल पास होते. चार-पाच मिलिमीटर मागे ब्लेडने तो थर गोल कापून काढायचा. मग मीटर ओहमच्या मोठ्या रेंजवर ठेवून टिप आणि स्लीव्हमध्ये (जॅकच्या दांड्याच्या ग्राउंड भागात) मोजा. काहीही वाचन यायला नको.

आता गेट. नॉईज सोसण्याइतका उरला असेल आणि गेन खरोखरच जास्त हवा असेल, तेव्हाच. बॉसच्या एनएस-२ सारख्या गेटला सेंड आणि रिटर्न असतात: गिटार इनपुटला, सेंडमधून डिस्टॉर्शनला, डिस्टॉर्शनमधून रिटर्नला, आणि आउटपुट पुढे डिलेला. असं केल्याने गेट उघडायचा की नाही हे तो स्वच्छ गिटार ऐकून ठरवतो. गेट डिले-रिव्हर्बच्या नंतर ठेवलात तर त्यांची शेपटी छाटली जाईल. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) लावताना गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, तारा हाताने बंद करा, आणि नॉईज जेमतेम जाईपर्यंतच नॉब फिरवा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून लावलेला गेट कार्यक्रमात हटकून चुकतो.

ऑर्केस्ट्रात किंवा गणेशोत्सवातल्या मंडळाच्या स्टेजवर पहिली कामं मिळतील तेव्हा घरी शांत असलेला बोर्ड तिथे घोंगावू शकतो. साउंडवाल्या दादांना आधीच विचारा: ‘दादा, मिक्सरच्या लाइनवरून एक पॉइंट द्याल का?’ रोषणाईच्या लाइनवर डिमर आणि तोरणं असतात, तिथे प्लग लावू नका. ॲम्प आणि मिक्सर यांच्यात हम आला तर डीआय बॉक्सवरचं (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्यावरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त ऑडिओची जाळी तोडतं. थ्री-पिनची जाड अर्थ पिन काढून हम घालवायचा जुगाड कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. त्या पिनशिवाय ॲम्पच्या चेसिसवर करंट आला तर तो तुमच्या तारांमधून, आणि समोर माइक असेल तर ओठांमधून जातो. बोटांना येणाऱ्या मुंग्या ही त्याचीच सूचना. गाणार असाल तर मीटर एसीवर ठेवून तार आणि माइकची जाळी यांच्यात मोजा. दहा-वीस व्होल्ट दिसले तरी इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवायचं नाही.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. आवाज मध्येच बसतो, मध्येच परत येतो, आणि सगळे पेडलांना नावं ठेवतात. बऱ्याचदा दोष ॲम्पच्या इफेक्ट लूपच्या (ॲम्पवरच्या, पेडलं जोडायच्या सेंड-रिटर्न जागेच्या) रिटर्न जॅकमध्ये असतो: आतला पत्र्याचा स्विच दमट हवेने काळवंडलेला असतो. सेंड आणि रिटर्न एका पॅच केबलने जोडा. आवाज स्थिरावला तर जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, आणि ती पॅच केबल पुढच्या कार्यक्रमालाही खिशात ठेवा.