पेजमेकर विंडोज ११ वर नेण्याआधी

पेजमेकर ७ हा छपाईसाठी पानं लावण्याचा, २००१ सालचा, ३२-बिट प्रोग्रॅम. विंडोज ११ वर तो बहुतेक वेळा सुरू होतो. अडतं ते त्याच्या भोवतालचं: फॉन्ट, डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पीसीला लावायची परवान्याची चावी), पीडीएफ. त्यामुळे नवा पीसी आला म्हणून जुना लगेच काढून टाकू नका. जुन्यावरच जोडाक्षरं, रफार आणि तक्ते असलेली पाच-सहा पानं निवडून त्यांचे प्रिंट काढून ठेवा. नव्या मशीनवर काय बिघडलं ते या कागदांशी ताडूनच कळेल. सेटअपची सीडी, सिरियल नंबर आणि सगळ्या फॉन्टच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या.

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि त्यावर १६-बिट काहीच चालत नाही. नव्वदच्या दशकातल्या काही प्रोग्रॅमचं नुसतं सेटअप १६-बिट असतं; तिथे कम्पॅटिबिलिटी मोड (प्रोग्रॅमला जुनं विंडोज भासवणारी सेटिंग) लावून उपयोग नाही. पेजमेकर प्रोग्रॅम फाइल्समध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून टाका. नाहीतर त्याने लिहिलेल्या सेटिंगच्या फाइली विंडोज गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या लपलेल्या फोल्डरात वळवतं आणि त्या शोधत बसावं लागतं. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा जो तो सांगतो तो उपाय शक्यतो नकोच: नेटवर्क ड्राइव्ह दिसेनासे होतात आणि एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही.

खरी गंमत फॉन्टची. फॉन्टवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. साधं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट फक्त त्या युजरच्या फोल्डरात जातो आणि जुन्या प्रोग्रॅमच्या यादीत अनेकदा येतच नाही. मग रीजन सेटिंगमधल्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबवर जा. सिस्टिम लोकॅल, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमसाठीची भाषा, इंग्लिशच असू द्या आणि ‘युनिकोड यूटीएफ-८’ (सगळ्या भाषांसाठीची आजची अक्षर-कोडची पद्धत) समोरची टिक काढा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कितीतरी मात्रा आणि अर्धी अक्षरं १२८ ते २५५ या कोडवर बसवलेली असतात. ती टिक राहिली की नेमकी तीच जाऊन चौकोन उमटतात, बाकीचा मजकूर मात्र शाबूत दिसतो.

डोंगल यूएसबी असेल तर त्याचा ६४-बिट, सही असलेला ड्रायव्हर आधी मिळवा; ३२-बिट ड्रायव्हर चालणार नाही. प्रिंटर पोर्टचं डोंगल यूएसबी कन्व्हर्टरवर चालेल या भरवशावर राहू नका.

पेजमेकरचा पीडीएफ एक्स्पोर्ट डिस्टिलर या अडोबीच्या जुन्या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतो. तो रुसला तर ‘फाइल’ पोर्टवर (कागदाऐवजी फाइलीत छापणाऱ्या) एक पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर जोडा, त्यावर प्रिंट द्या आणि तयार झालेली फाइल घोस्टस्क्रिप्ट या मोफत प्रोग्रॅमने पीडीएफ करा. प्रिंट देताना फॉन्ट सोबत पाठवले नाहीत तर पानावर रोमन अक्षरांचा कचरा येतो.

फाइली इनडिझाइन या पानं लावण्याच्या नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायच्या असतील तर सीएस६ पर्यंतचीच आवृत्ती पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडते. फाइल उघडली तरी मजकूर जुन्याच फॉन्टचा राहतो. तो युनिकोडमध्ये बदलायला वेगळा कन्व्हर्टर लागतो.

एवढं करूनही अडलं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी चालवणारा प्रोग्रॅम) जुनं विंडोज एक्सपी टाका. १ जीबी रॅम पुरते, यूएसबी डोंगल फिल्टर लावून आत देता येतं. त्या एक्सपीला इंटरनेट मात्र देऊ नका. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करा.