एक्सआरएफ-एक्सआरडीला सॅम्पल देण्याआधी ते किती तापलंय ते बघा

जळगाव-धुळ्याकडून एमएस्सी करून टेस्टिंग लॅबच्या लाईनीत यायचं म्हणणारी पोरं मला विचारतात की मशीन कुठलं शिकू, एक्सआरएफ (सॅम्पलमध्ये कुठलं मूलद्रव्य किती ते एक्स-रेने मोजणारं) की एक्सआरडी (त्यात कुठली खनिजं ते एक्स-रेने ओळखणारं). मशीन चालवणं जमतंच भो, खरं शिकायचं ते हे की सॅम्पल कुठे कुठे तापतं आणि तापून त्याचं काय होतं.

आपली तापीकाठची काळी माती घ्या. 105 डिग्रीला ओव्हनमध्ये रात्रभर ठेवली की ओल जाते, पण त्यात जिप्सम असेल तर त्याच्या स्फटिकातलं पाणीही सुटायला लागतं, मग एक्सआरडीच्या आलेखात बॅसनाइटचे (बरंचसं पाणी गेलेलं जिप्सम) पीक, म्हणजे टोकं, येतात; ते खनिज शेतात नव्हतंच. अशा सॅम्पलला 40-45 डिग्री बास. मे महिन्यात तर भुसावळला पत्र्याखाली ठेवलेली पिशवीच तेवढी तापते, आणि मिलमध्ये एकदम खूप वेळ दळलं तरी सॅम्पल तापून जिप्समचं पाणी सुटतं म्हणून थांबून थांबून दळा.

एलओआयला (लॉस ऑन इग्निशन, म्हणजे भट्टीत तापवून घटलेलं वजन) मात्र लक्ष देऊन बसा. 950 डिग्रीला ठेवलेली काळी माती विटेसारखी लालसर होऊन निघते, त्यात चुनखडीचे खडे असतील तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडालेला असतो (शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं 44 टक्के वजन असं जातं) आणि मागे राहिलेला चुना हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात क्रुसिबल (तापवायची मूस) उघडं राहिलं की बॅलन्सवरचा शेवटचा आकडा डोळ्यादेखत वर चढत जातो, म्हणून जरा निवलं की थेट डेसिकेटरमध्ये (ओल न शिरणारं बंद भांडं). बेसॉल्टमध्ये उलटंही होतं, फेरस लोखंड ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतं, तेव्हा एलओआय म्हणजे नुसतं पाणी असं कधीच लिहू नका.

सल्फर, क्लोरीन हवं असेल तर फ्यूज्ड बीडच्या (सॅम्पल वितळवून केलेली काचेची चकती) नादी लागू नका, हजार डिग्रीच्या वर भट्टीत ते उडून जाऊ शकतात, प्रेस्ड पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) करा.

मुद्दाम तापवणं पण असतं, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. स्मेक्टाइट म्हणजे काळ्या मातीतलं फुगणारं खनिज, एक्सआरडीत त्याचा पीक त्याच्या थरांमधलं अंतर दाखवतो. त्याचा 15 अँगस्ट्रॉमच्या आसपासचा पीक ग्लायकॉल दिलं की 17 ला जातो आणि 550 डिग्रीला तापवलं की 10 वर बसतो, केओलिनाइटचा (मातीतलं दुसरं खनिज) 7 चा पीक तर गायबच होतो. काळ्या मातीला भेगा का पडतात ते इथे कागदावर दिसतं.

आणि एक्सआरएफच्या आतही एक्स-रे ट्यूबजवळ सॅम्पल गरम होतं, वरून व्हॅक्युम, त्यामुळे ओलसर पेलेट तडकते, द्रवात बुडबुडे येतात. द्रव सॅम्पल हेलियम वायूतच मोजा, उडणारे एलिमेंट आधी घ्या, शेवटी तेच परत एकदा मोजून आकडा हललाय का बघा.