एजंटला ‘रात्रीचं काम’ कळत नाही

आमच्या बाणेरच्या ऑफिसात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या देखभालीसाठी एक जुनी स्क्रिप्ट आहे. तिच्या रीडमीत, म्हणजे सूचनांच्या फाइलीत, मीच लिहिलं होतं, ‘टेबल फुगलं तर फुल चालवा.’ फुल म्हणजे ‘व्हॅक्यूम फुल’, टेबलात वाया गेलेली जागा मोकळी करणारी कमांड. हे रात्रीचं काम, हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक. कमांड आपणहून चालवणाऱ्या एआय एजंटला कोण सांगणार? त्याने सकाळी ११ वाजता ऑर्डरच्या टेबलावर व्हॅक्यूम फुल लावलं. ते अख्खं टेबल नव्याने लिहून काढतं आणि तोवर साधं सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचणंसुद्धा अडवून धरतं. फोन सुरू झाले, माझा चहा गार.

आधी एजंटला शिव्या घातल्या. मग रीडमी पुन्हा वाचला. चूक माझीच.

आता प्रत्येक कमांडखाली पहिली ओळ ‘कधी चालवू नये’. मग लॉक, म्हणजे टेबलावरचं कुलूप, कोणतं लागतं ते. साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा बहुधा टेबलातच पुन्हा वापरली जाते, डिस्कला परत मिळत नाही, हेही स्पष्ट लिहिलं. नाहीतर आकडा घटला नाही म्हणून एजंट आणखी जालीम कमांड शोधत बसतो.

खरी मेख एक्झिट कोडमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट संपताना देते त्या आकड्यात होती. लॉक न मिळाल्याने टेबल वगळलं तरी स्क्रिप्ट ०, म्हणजे ‘सगळं ठीक’, परत करायची. माणूस लॉग वाचतो. एजंट ‘झालं’ समजून पुढे जातो. आता तिथे २ येतो, आणि २ आला तर थांबून कोणाला कळवायचं हेही लिहिलंय.

फुल मात्र नुसतं कागदावर सोडलं नाही. त्याआधी स्क्रिप्टच माणसाचा होकार मागते.