बुरशी यायच्या आधी: पुण्यातल्या फ्लॅटची मे महिन्यातली तयारी

जुलैत कपाटामागे काळे ठिपके दिसले की आपण घाईने रंगारी बोलावतो. पण ओल्या भिंतीवर चढवलेला रंग पुढच्या पावसाळ्याआधीच पोपडे धरतो. म्हणून खरी तयारी मे महिन्यात, भिंती कोरड्या ठणठणीत असताना करायची.

सुरुवात बाहेरून. आपला पाऊस नैऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त झोडपली जाते; शहराच्या पश्चिमेकडच्या वारजे-बावधन भागात तर विशेष. तिथल्या भेगा, छज्ज्याचा सांधा, खिडकीच्या चौकटीभोवती फट बुजवणारं, पण आता सुटलेलं सीलंट, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप, सगळं नीट बघा. गच्चीवर बादलीभर पाणी ओता आणि ते पन्हाळीकडे जातं की मधेच साचतं ते पाहा. गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते; वरच्यांच्या बाथरूममधून उतरणारी ओल त्या-त्या सभासदांनी. एवढी बाहेरची पाहणी मात्र मेची वाट न बघता एप्रिलमध्येच उरका आणि सोसायटीला फोटोंसह लेखी अर्जही तेव्हाच द्या. दोरखंडाच्या झुल्यावर लटकून बाहेरच्या भिंतीचं काम करणारी माणसं मेअखेरीस हाताला लागत नाहीत.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर लगेच बुरशी समजू नका. पाण्याचा फवारा मारा. विरघळून गेली तर तो सिमेंट-विटांतला क्षार, म्हणजे भिंतीतून पाणी येतंय. पहिल्या जोरदार पावसानंतर शंका असलेल्या जागी वीतभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली. वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालण्याआधी ही परीक्षा जरूर करा, कारण हवेतल्या ओलीवर वॉटरप्रूफिंगचा काही उपयोग नसतो.

हवेतल्या ओलीसाठी छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र घ्या; आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवायची. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आताच धुऊन चालू करून बघा. पाऊस कोसळताना खिडक्या उघड्या टाकू नका, उघडीप मिळाली की समोरासमोरच्या उघडा. कपडे शक्यतो ड्राय बाल्कनीत वाळवा. घरातच वाळवायचे झाले तर एकाच खोलीत, पंख्याखाली. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पैठण्या आणि रेशमी साड्या मेमध्येच सावलीत वारा देऊन, घड्या बदलून सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

जुनी बुरशी काढायची तर मास्क एन-९५, हातमोजे आणि दार बंद. कोरडी कधीही खरवडू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने ओली करा, घासा, पुसा, पंख्याने वाळवा. फुगलेला प्लाय किंवा जिप्सम बोर्ड पुसून वाचत नाही, तो काढून टाका. आणि ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. भिंत पूर्ण वाळल्यावरच बुरशीरोधक प्रायमर आणि मग रंग.

घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर हे काम त्यांना दिवसभर नातेवाइकांकडे पाठवूनच काढा.