जमिनीवर बसून फोटो काढायचेत? मग आधी बैठक जमवा

माळरानावरच्या पक्ष्यांचे आणि खोकडांचे, म्हणजे छोट्या कोल्ह्यांचे, चांगले फोटो उभ्यानं मिळत नाहीत. माणूस उभा दिसला की धाविक पक्षी पळत सुटतो, पाण्यावर उतरायला आलेल्या पखुर्ड्या वरच्या वर घिरटी घालून निघून जातात. म्हणून खाली बसायचं, तेही तास-दीड तास, न हलता. लेन्ससाठी वर्षभर पैसे साठवणारी मंडळी बसण्यासाठी मात्र घरात सापडेल ते स्टूल उचलतात, विसाव्या मिनिटाला चुळबुळ करू लागतात आणि नेमका पक्षी येतो तेव्हा पाय झटकत असतात.

गाडीतून काम होत असेल तर खुशाल गाडीतूनच करा, गाडीसारखं लपण नाही. अभयारण्यात उतरायला मनाई असेल तिथं तर हा प्रश्नच येत नाही. हा लेख आहे तो इंदापूरजवळच्या कडबनवाडीसारख्या माळावर, गावाच्या तळ्याकाठी, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, परवानगी असलेल्या जागी जमिनीवर बसणाऱ्यांसाठी.

इंटरनेटवर शोधलंत तर अशा बैठकांपैकी बऱ्याचशा अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेल्या दिसतील. तिथं परवाना घेऊन हरणाची आणि रानटर्कीची शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीला जागाच उरली नाही, हे फार चांगलं झालं. पण दबा धरून बसण्याचा त्या लोकांचा अनुभव दांडगा आहे आणि त्यातलं घेण्यासारखं जरूर घ्यावं. उदाहरणार्थ, टर्कीचे शिकारी खांद्यांपेक्षा रुंद बुंधा शोधून त्याला पाठ लावतात. त्यांचा हेतू मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून वाचण्याचा. आपल्याला त्याच बुंध्याचा उपयोग वेगळा: माणसाची आकृती झाडात विरून जाते. त्यांच्या गोल फिरणाऱ्या, हात टेकायची सोय असलेल्या जड खुर्च्या मात्र सोडून द्या. ज्याचा तंबू एकाच जागी महिनाभर उभा राहतो त्याच्यासाठी त्या ठीक आहेत. माळावरून दोन किलोमीटर चालत जाणाऱ्यानं त्या पाठीवर का वाहाव्यात?

कुणासाठी बसताय ते आधी ठरवा

बैठकीची उंची तुमच्या सोयीनं ठरवायला सुरुवात केलीत की गणित चुकतं. सुरुवात लेन्सच्या उंचीपासून करायची आणि लेन्स साधारण समोरच्या जिवाच्या डोळ्यांच्या पातळीला हवी. चिंकारा खांद्याशी सुमारे ६५ सेंटीमीटर भरतो, लांडगाही साधारण तेवढाच. त्यांच्यासाठी लहान स्टूल आणि खाली केलेला ट्रायपॉड पुरतो. खोकड त्याच्या निम्म्याहूनही बुटकं. आणि धाविक, माळटिटवी, चंडोल यांच्यासाठी लेन्स जमिनीपासून जेमतेम वीतभर वर हवी. तिथं स्टूल कितीही महागाचं असलं तरी निरुपयोगी आहे.

उंची आणि कंबर: खरी मेख इथं आहे

मला सगळ्यात जास्त वेळ या टप्प्यानं घेतला आणि याच टप्प्याबद्दल सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. पहिला सल्ला: "जितकं खाली बसाल तितकं चांगलं." दुसरा: "आपण मांडी घालून जेवणारी माणसं, आपल्याला बैठक कशाला हवी?"

दुसऱ्याचं आधी बघू. पंगतीत किंवा भजनाला बसलेला माणूस दर पाच-दहा मिनिटांनी नकळत हलतो. मांडी बदलतो, एक गुडघा उभा करतो, हातावर रेलतो. पाण्याकडे पखुर्ड्या चालत येत असताना यातलं काहीच करता येत नाही. मांडी घालून निश्चल बसलं की घोट्याचं हाड दगडावर रुततं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं, अगदी कातडीखालून जाणारी नस दबते. पाऊल बधिर होतं ते त्यामुळे. उकिडवं बसल्यावरही तीच नस दबते. मुंग्या आल्या तर बळंच सहन करू नका. ही नस फार वेळ दबून राहिली तर पाऊल वर उचलता येत नाही अशी वेळ येऊ शकते.

इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेला बसलेल्यांना हे चांगलं कळतं. तिथं अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हलायचं नसतं, आणि नवा साधक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उशीवर उशी रचायला लागतो. बूड वर उचललं की कंबरेचा कटोरा पुढे झुकतो, पाठीचा कणा आपोआप उभा राहतो आणि गुडघे खाली येतात. बूड खाली आणि गुडघे वर असले की नेमकं उलटं होतं: कटोरा मागे कलतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, सगळा भार माकडहाडावर येतो आणि पोट दबून श्वाससुद्धा तोकडा होतो. "जितकं खाली तितकं चांगलं" हा सल्ला फसतो तो इथंच. पाय दुमडून वीतभर उंचीच्या स्टुलावर बसलात तर गुडघे छातीशी येतात. अशा अवस्थेत जड लेन्स धरून अर्धा तास काढून बघा.

माझा नियम असा. पाय दुमडून, तळवे जमिनीवर टेकवून बसायचं असेल तर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या हव्यात. त्यासाठी स्टूल गुडघ्यांपेक्षा किंचित उंच लागतं, नेमका आकडा ज्याच्या त्याच्या पायांवर. त्याहून खाली बसायचं असेल तर पाय समोर पसरायचे आणि पाठीला टेकू घ्यायचा. मधलं काही चालत नाही. बाजारातली बरीच घडीची स्टुलं नेमकी त्या मधल्या उंचीची असतात, आणि सुटसुटीत दिसतात म्हणून लोक तीच घेतात.

तुमची उंची काढायला दुकानात जायची गरज नाही. घरातली वर्तमानपत्रांची रद्दी काढा, गठ्ठा रचा, माळावर घालता तेच बूट घालून त्यावर बसा. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, माळावरही काढूनच बसायचं असतं. मग एकेक जुडी काढत किंवा घालत जा. मांड्या किंचित उतरत्या झाल्या आणि कंबर न ताणता सरळ राहिली की गठ्ठा मोजा. आता कॅमेरा त्याच्या आधारावर लावून डोळा लावा. मान पुढे काढावी लागत असेल तर ट्रायपॉड वर-खाली करा, बैठकीला हात लावू नका. मोजपट्टीवर आलेला आकडा लिहून ठेवा आणि कुणी कितीही आग्रह केला तरी त्याच्या आसपासचीच बैठक घ्या.

बैठक हातात आली की माळावर नेण्याआधी घरी क्रिकेटची मॅच लावून तिच्यावर तासभर बसा, षटक संपलं तरी हलायचं नाही. दुखेल, पण कुठं दुखतं त्यावरून दोष सापडतो. मांडीच्या मागे बधिर झालं तर बैठकीची पुढची नळी रुततेय: कापड सैल पडलंय किंवा बैठक उंच आहे. माकडहाड दुखलं तर बैठक बुटकी तरी आहे किंवा फार टणक. कंबर दुखली तर टेकू नाही किंवा चुकीच्या जागी आहे. खांदे आणि मान दुखली तर बैठकीला दोष देऊ नका, कॅमेऱ्याचा आधार बदला.

तीन पायांच्या स्टुलाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्रिकोणी कापडाची सरळ कड मागे आणि एक कोपरा पुढे, दोन्ही मांड्यांच्या मध्ये घ्यायचा. बरेच जण उलटे बसतात आणि मग सरळ कड मांड्यांना कापते म्हणून स्टुलाला नावं ठेवतात. हे स्टूल मला चार पायांच्यापेक्षा पसंत आहे, कारण तीन पाय उंचसखल मुरमावरही डगमगत नाहीत.

तासाच्या वर बसायचं असेल तर टेकू हवाच

यात मला तडजोड मान्य नाही. तासापर्यंत स्टूल ठीक, त्यापुढे पाठीला आधार. घरातली वडीलधारी माणसं पूजेला किंवा जपाला बसताना वापरतात ती पाय नसलेली, पाठ कमी-जास्त कलणारी जमिनीवरची खुर्ची आपल्या कामाला उत्तम आहे. तिचं वजन दोन-तीन किलोच्या घरात असतं आणि घडी घालून ती स्कूटरवर पायाशी राहते. पाठ कलवताना तिच्या दात्यांचा कट-कट आवाज होतो, तेव्हा कोन बसल्या बसल्याच लावून घ्या आणि नंतर बदलू नका. गुडघ्यांखाली गुंडाळलेली शाल किंवा सॅक सरकवली की पसरलेल्या पायांचा ताण निम्मा होतो. लेन्स दोन पायांमधल्या बीन बॅगवर, म्हणजे दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर, टेकवायची आणि कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून बघायचं. धाविकाच्या डोळ्यांची पातळी यातूनच मिळते. बीन बॅग घरून रिकामी न्या, वाटेतल्या गावात ज्वारी विकत घेऊन भरा आणि ती ज्वारी माळावर न सांडता परत आणा. पक्ष्यांना दाणे टाकून बोलवायचं नसतं.

झाडाला टेकणार असाल तर कडुनिंब बरा. बाभळीखाली काटे आहेत, आंब्यावर ओंबील, म्हणजे चावणाऱ्या लाल मुंग्या, असू शकते.

कापड, नळ्या, आवाज

हवा भरायच्या गाद्या घेऊ नका. बाभळीचा एक काटा आणि खेळ संपला, आणि काटा लागला नाही तरी त्या हालचालीला किरकिरतात. जाळीचं कापड उन्हाळ्यात गार वाटतं, पण पावसाळा संपल्यावर माळावर कुसळी गवत वाळतं आणि त्याची कुसळं जाळीतून आरपार टोचतात. जाड, घट्ट विणीचं कॅनव्हास घ्या. रंग मातकट, चकाकी नको.

"धनगर घोंगडीवर बसतात, तुम्हीही बसा" हा सल्ला मोकळ्या मुरमावर आणि डिसेंबरच्या पहाटे अगदी बरोबर आहे. घोंगडी उबदार असते आणि तिचा आवाज होत नाही. कुसळीत मात्र ती पसरू नका, नंतर कुसळं वेचण्यात आठवडा जातो.

चमकणाऱ्या नळ्यांवर जुनी सायकलची ट्यूब चढवा. तिचेच तुकडे पायांच्या टोकांना घातले की दगडावर खट्ट वाजत नाही. ओल्या काळ्या मातीत किंवा तळ्याकाठच्या गाळात स्टुलाचे पाय रुततात, तिथं प्लायवूडचा तुकडा खाली घ्या. ओढून उघडायची चिकटपट्टी असलेले खिसे शिवून टाका. त्या फरकन आवाजानं तळं रिकामं होतं.

जागेवर गेल्यावर

बसण्याआधी जागा डोळ्यांनी आणि काठीनं नीट तपासा. सैल दगडांखाली फुरसं किंवा विंचू असू शकतो, गवताच्या कडेला घोणस. दगड हातानं उचलायचा नाही. उन्हाळ्यात टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली तर ती तुम्हाला तिथून जा म्हणतेय. जा. खोकडाच्या बिळासमोर बैठक मांडू नका, फोटो कितीही खुणावत असला तरी.

सूर्य पाठीशी ठेवा. वारा तुमच्याकडून प्राण्याकडे वाहत नसावा, पक्ष्यांना त्यानं फरक पडत नाही. टाचांखालचे सैल खडे बाजूला करा, नाहीतर पाय जरा सरकला की खडखड होते.

बसल्यावर हालचाल अजिबात करायची नाही असं नाही. बुटाच्या आत बोटं वळवत राहा, पोटऱ्या आवळा आणि सोडा, भार एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर हळूच न्या. बाहेरून काही दिसत नाही आणि रक्त फिरत राहतं. कापडी लपणात असाल तर एप्रिल-मेमध्ये नऊनंतर थांबू नका. आतली भट्टी कुठल्याच बैठकीनं सुसह्य होत नाही.

उठताना आधी पाय पसरून मिनिटभर थांबा, मग कुशीवर वळून हाताचा आधार घेत उठा. बधिर पायावर एकदम उभं राहिलं की घोटा मुरगळतो, आणि गळ्यात लेन्स असेल तर आपटते तीच.

घरी आल्यावर बैठक झटकून उन्हात ठेवा आणि सांधे हलवून बघा. कुरकुर ऐकू आली तर तेल घालू नका, तेलावर माळाची धूळ बसून सांधा आणखी वाजायला लागतो. मेणबत्तीचं मेण घासा.