ऑनलाइन सेमिस्टर सुरू होण्याआधी

ऑनलाइन पदवीला प्रवेश मिळाला की पहिली धावपळ होते ती हेडफोन, वेबकॅम आणि टेबलाची. खरेदी करा, पण सगळ्यात शेवटी. आधी उघडायचं ते मूल्यमापनाचं पान. प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये कुठेतरी एक तक्ता असतो: क्विझला किती टक्के, असाइनमेंटला किती, चर्चेत भाग घेण्याला किती, अंतिम परीक्षेला किती. माझ्या मते तो तक्ता म्हणजेच कोर्स. व्हिडिओ, स्लाइड्स, वाचनाची यादी हे सगळं तिथवर पोचायचं साधन. हे काही नवं नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली कुठल्याही कॉलेजात नाव नसलेल्यांनाही परीक्षेला बसू द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना शिकवायची जबाबदारी घेतलीच नव्हती. कुठे आणि कसं शिकायचं ते ज्याचं त्याने पाहायचं, विद्यापीठ परीक्षा घेणार आणि पदवी देणार. आता शिकवणंही स्क्रीनवर आलं, पण कणा तोच.

तक्ता वाचताना पेन्सिल हातात असू द्या. एखाद्या भागात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं का, ते पाहा; बाकी सगळीकडे उत्तम गुण असूनही त्या एका अटीपायी लोक अडकतात. उशिरा दिल्यास रोज किती गुण कापतात, आणि किती दिवसांनंतर काम घेतच नाहीत, हेही तिथेच लिहिलेलं असतं. पीअर रिव्ह्यू असेल, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांचं काम तपासायचं असेल, तर दोन तारखा धरा: आपलं काम द्यायची आणि दुसऱ्याचं तपासून द्यायची. दुसरी हमखास विसरली जाते.

मग कॅलेंडर. सगळ्या विषयांच्या सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये उतरवा, आणि आयत्या मिळाल्या तरी स्वतः हाताने उतरवा, कारण कोणत्या आठवड्यात तीन कामं एकावर एक आदळणार हे उतरवतानाच लक्षात येतं. विद्यापीठ दुसऱ्या देशात असेल तर ‘रात्री ११:५९’ ही तिथली वेळ. त्यातही गोची आहे: ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, अमेरिकेतल्या तारखा आणखी वेगळ्या. त्यामुळे सेमिस्टरच्या सुरुवातीला मनाशी पक्का केलेला फरक मध्येच बदलतो. कॅलेंडरमध्ये नोंद करतानाच विद्यापीठाचा टाइम झोन निवडला की हा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही.

तासांचा हिशेब मात्र स्वतःच करायचा, आणि तो बहुतेक जण टाळतात. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे ५ क्रेडिटचा साधासा वाटणारा विषय १२५ ते १५० तासांचा झाला. तो १२ आठवड्यांत बसवायचा तर आठवड्याला साधारण साडेदहा ते साडेबारा तास. असे तीन विषय नोकरी सांभाळून घेणाऱ्याने आधी कागदावर सध्याचा आठवडा मांडावा आणि ते तास कुठून येणार हे दाखवावं. ‘वेळ मिळेल तसं करीन’ हे उत्तर धरायचं नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स इंटरनेटवर मोफत खुला झाला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली. शेवटापर्यंत त्यातला लहानसा हिस्सा टिकला. फी भरलेल्या पदवीत गळती एवढी नसते, पण गळणारे बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच मागे पडलेले असतात.

लाइव्ह वर्ग किती आणि रेकॉर्डिंगवर किती, हे विषयागणिक विचारून घ्या. लाइव्हला हजेरी लागते का, की रेकॉर्डिंग पाहिलं तरी चालतं, आणि ते किती दिवस उपलब्ध राहतं? रेकॉर्डिंग आहे म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं, कारण न पाहिलेले व्हिडिओ साठत जातात आणि मग ते दुप्पट वेगाने उरकले जातात. त्यापेक्षा प्रत्येक व्हिडिओनंतर खिडकी बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा कोऱ्या वहीला तयारीच्या यादीत हेडफोनच्या वरचं स्थान द्या.

तांत्रिक तयारी थोडक्यात. विद्यापीठाचं लॉगिन पहिल्या तासिकेच्या आधी वापरून पाहा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा, कारण फोन बदलला किंवा हरवला की दार बंद. इंटरनेटच्या जाहिरातीत मिरवला जातो तो डाउनलोडचा वेग. कॅमेरा चालू ठेवून बोलायला लागतो तो अपलोडचा, तो मोजून घ्या. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून ठेवा म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही.

काम सबमिट करण्याची तालीम मात्र सावकाश करा. मूडल असो वा दुसरी कुठली एलएमएस, म्हणजे कोर्स चालवायची ऑनलाइन यंत्रणा, गत तीच. फाइल ओढून टाकली, नाव दिसलं, म्हणजे ती गेली असं नाही; अनेक ठिकाणी ती ‘ड्राफ्ट’ म्हणून पडून राहते आणि सबमिटचं वेगळं बटण खाली असतं. बटण दाबल्यावर पान बंद करू नका. स्थिती बदलली का पाहा, वर गेलेली फाइल तिथूनच पुन्हा उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत खाली या: समीकरणं चौकोन होऊन बसलेली नाहीत ना, आकृत्या जागेवर आहेत ना, आणि ‘फायनल’ऐवजी ‘फायनल२’ तर चढली नाही ना. मग पावतीचा ईमेल जपून ठेवा. डेडलाइनच्या शेवटच्या तासात सर्व्हर मंदावला ही सबब सहसा ऐकली जात नाही, म्हणून स्वतःची डेडलाइन आदल्या दिवशीची धरा.

परीक्षेला प्रॉक्टरिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून देखरेख असेल तर नियम महिनाभर आधी वाचा. ओळखपत्रावरचं आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखवायला सांगतात, दुसरा मॉनिटर काढायला लावतात. त्यांचा ब्राउझर ऑफिसच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल होईलच असं नाही, कारण तिथे परवानगी कंपनीच्या हातात असते. सराव परीक्षा ठेवलेली असेल तर ती त्याच जागी, त्याच यंत्रावर द्या. जास्तीचा वेळ किंवा अन्य सवलत हवी असेल तर कागदपत्रांसह अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करा. आदल्या आठवड्यात केलेला अर्ज वेळेत मंजूर होणं अवघड.

एआय साधनांबद्दल प्रत्येक विषयाचं धोरण वेगळं असतं, एका प्राध्यापकाला चालतं ते दुसऱ्याला नाही. काय चालतं ते लेखी विचारा. आणि काही झालं तरी आपल्या लेखनाचे कच्चे मसुदे व बदलांचा इतिहास जपा. मजकूर यंत्राने लिहिला का हे ओळखणारी साधनं चुकतात. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं तसलं साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. उद्या तुमच्यावर संशय आला तर तुमच्या बाजूने बोलतील ते हे मसुदेच.

माणसंही यादीत घ्या. शंका कुणाला विचारायच्या, गुणांबद्दल कुणाशी बोलायचं, तांत्रिक अडचण कुठे नोंदवायची, हे तीन पत्ते सहसा वेगवेगळे असतात. ईमेलच्या विषयात कोर्सचा कोड आणि स्वतःचा विद्यार्थी क्रमांक घाला, उत्तर लवकर येतं. कोर्सच्या चर्चामंचावर ओळख करून देण्याच्या धाग्यात पहिल्याच आठवड्यात चार ओळी लिहा आणि आपल्या टाइम झोनमधले दोघेतिघे हेरून ठेवा. शेजारच्या बाकावर कुणी नसतं, त्यामुळे ही सोय आपणच करायची.

शेवटची एक तारीख कॅलेंडरमध्ये लाल रंगात टाका: विषय सोडण्याची मुदत. बऱ्याच ठिकाणी ती पहिल्या काही आठवड्यांतच संपते आणि त्यानंतर फी परत मिळत नाही; त्याहून उशिरा सोडलं तर गुणपत्रिकेवरही नोंद राहते. त्या तारखेच्या तीन दिवस आधीची संध्याकाळ मोकळी ठेवा, तासांचा तो कागद काढा आणि ठरवलेले तास खरंच निघाले का ते पाहा. तीन विषय झेपत नसतील तर एक तेव्हाच सोडा.