सह्या आधी, मजकूर नंतर : शाळा व्यवस्थापन समितीच्या कामकाजातल्या या चुका टाळा

मागच्या आठवड्यात एका नव्या मुख्याध्यापकांनी व्हॉट्सॲपवर प्रोसिडिंग बुकाच्या, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त लिहायच्या वहीच्या, पानाचा फोटो पाठवला. वर तारीख. तळाशी चौदा सह्या, त्यातल्या दोन अंगठे. मधलं सगळं पान कोरं. खाली त्यांचा प्रश्न : "मॅडम, सह्या झाल्यात. मजकूर काय लिहू? एखादा नमुना असेल तर पाठवा ना."

नमुना मी पाठवला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी शिक्षिका आणि मग मुख्याध्यापिका म्हणून इतकी वर्षं ही वही हाताळली आहे, की असा फोटो पाहिला की पोटात गोळा येतो. नवीन माणसाला वाटतं, शाळा व्यवस्थापन समितीचं, म्हणजे शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या पालकांच्या समितीचं, काम म्हणजे कागद पूर्ण करणं. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख भेटीला येण्याआधी बारा महिन्यांच्या बारा बैठका वहीत दिसल्या की झालं. ही घाईच पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ आहे.

कोऱ्या पानावर सह्या

यावर सविस्तर लिहिते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि जुन्या ग्राम शिक्षण समित्यांच्या जागी शाळा व्यवस्थापन समित्या आल्या, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा एका शाळेत उपशिक्षिका होते. अक्षर बरं म्हणून प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्याकडे. आमच्या मुख्याध्यापकांची पद्धत अशी, की सातवीतला एक मुलगा वही घेऊन घरोघरी जायचा, सह्या गोळा करून आणायचा, आणि महिनाअखेरीला मी वर मजकूर लिहायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

गाव ऊसतोडीला जाणारं. दसरा झाला की निम्मी घरं बंद व्हायची. समितीतल्या एका आईचीही टोळी ठरली होती. "त्या आता उन्हाळ्यातच येणार, मग सही कुठून आणायची," म्हणून निघण्याआधी त्यांच्याकडून तीन कोऱ्या पानांवर सही घेऊन ठेवली. त्यांनीही विश्वासाने केली. डिसेंबरात मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा ठराव मी त्यातल्याच एका पानावर लिहिला. सूचक कोण दाखवायचं, तर महिला सदस्य बरी दिसते म्हणून त्यांचंच नाव घातलं.

पाडव्यानंतर त्या परत आल्या. त्यांची मुलगी सहावीत, आजीजवळ राहिलेली. तिने आईला सांगितलं, की शाळेच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून मुली मधल्या सुट्टीत घरी पळतात. पुढच्या पालक सभेत आई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी वही उघडून समोर धरली. "दुरुस्ती झाली की बाई. ठरावाच्या सूचक तुम्हीच आहात."

त्यांना वाचायला जेमतेम यायचं. त्यांनी वही हातात घेतली, आपल्या सहीवर बोट ठेवलं आणि शेजारच्या बाईला तारीख वाचायला सांगितली. मग म्हणाल्या, "डिसेंबरात तर मी फडात होते गुरुजी. ही सही कवा केली मी?"

त्या ओरडल्या नाहीत. सभेत कुणीच काही बोललं नाही. माझी मान वर होईना, कारण अक्षर माझं होतं.

तक्रार झाली, विस्तार अधिकारी चौकशीला आले, मुख्याध्यापकांना आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. दुरुस्ती खरंच झाली होती, बिलंही खरी होती, फक्त सुताराने कडी बसवायची ठेवली होती आणि ती बसली का हे बघायला कुणी गेलं नव्हतं. चाळीस-पन्नास रुपयांची कडी. पण ज्या वहीत एक सही खोटी ठरली, त्या वहीतलं बाकीचं खरं आहे हे कुणाला कसं पटवणार? वर्षभराचे सगळे ठराव संशयात गेले. त्या आई पुन्हा समितीवर आल्या नाहीत. मी दोनदा घरी जाऊन विनवलं. "मला नगं बाई, माझ्या सहीचं काय करताल ते मला कळायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पानांना आधीच क्रमांक घालायचे. हजेरीच्या सह्या वेगळ्या पानावर, तारीख आणि विषय लिहिल्यानंतरच घ्यायच्या. ठराव बैठकीतच, सगळ्यांच्या देखत लिहायचा, मोठ्याने वाचायचा, कुणी दुरुस्ती सांगितली तर खोडून तिथे छोटी सही करायची. शेवटच्या ओळीच्या लगेच खाली अध्यक्ष आणि सचिवांची सही, आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ. अक्षर वाकडंतिकडं आलं तरी चालेल. सुवाच्य प्रोसिडिंग घरी बसून उतरवून काढणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायचं. त्यात लाज कसली? आणि जिथे पालक स्थलांतर करतात तिथे मोठ्या खर्चाचे विषय ते गावात असतानाच, दसऱ्याच्या आधी घ्यायचे.

"योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले"

हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलं आहे, की आता ते दिसलं की पुढचं वाचावंसं वाटत नाही. कोण करणार, कधी, किती रुपयांत, कुठल्या पैशांतून, यातलं काहीच त्यात नाही. असा ठराव केल्यावर काम झालं की नाही हे पुढच्या बैठकीत विचारताही येत नाही.

शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचं उदाहरण घ्या. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या निकषांप्रमाणे पट, म्हणजे मुलांची संख्या, ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये, ३० पर्यंत असेल तर १०,०००, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. म्हणजे चौसष्ट पटाच्या शाळेत स्वच्छतेसाठी निदान २,५०० रुपये बाजूला काढायचे आहेत. हे किती सदस्यांना माहीत असतं? कायद्याच्या कलम २१ ने अनुदान कसं वापरलं जातं यावर लक्ष ठेवण्याचं काम समितीला दिलं आहे, आणि आपण त्यांना रक्कमही सांगत नाही. रक्कम आली की तो आकडा फळ्यावर लिहा. मी लिहायचे. आधी कुजबुज होते, मग प्रश्न येतात. येऊ द्यावेत.

ठराव मी असा लिहायचे : "ठराव क्र. ३. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे तीन नळ बदलणे. तीन दरपत्रके सभेत वाचून दाखवली, सर्वांत कमी दर रु. १,८५०. हा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करण्यास मंजुरी. काम या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. काम झाल्यावर दोन पालक सदस्य प्रत्यक्ष नळ उघडून पाहतील व पुढील सभेत सांगतील." खाली सूचक, अनुमोदक, त्यांनी खरंच सुचवलेलं असेल तरच. 'नळ उघडून पाहतील' हे शब्द मी मुद्दाम घालते. ती कडी मला विसरता येत नाही.

विरोध असेल तर तोही लिहा. एका बैठकीत रंगरंगोटीला दोन वडिलांनी विरोध केला होता, त्यांचं म्हणणं आधी छत गळायचं थांबवा. मी तसंच लिहिलं, त्यांच्या नावासकट. पुढच्या पावसाळ्यात तेच दोघं ताडपत्री घेऊन आले. 'सर्वानुमते' लिहून त्यांचं म्हणणं पुसून टाकलं असतं तर आले असते का, मला शंका आहे.

अध्यक्षा घरी, यजमान खुर्चीत

समितीत किमान पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला, हे कायद्यातच आहे. महाराष्ट्रात सदस्य सचिव सोडून १२ ते १६ जणांची समिती असते, मुख्याध्यापक सचिव, आणि अध्यक्ष पालकांमधलाच हवा. कागदावर हे सगळं जमतं. बैठकीला मात्र अध्यक्षांचे यजमान येतात, "तिला काही कळत नाही, मी सही करतो" म्हणतात, आणि मुख्याध्यापक वही पुढे करतात. करू नका. बैठक अर्धा तास थांबवा आणि ताईंना बोलावून आणा.

पण त्याआधी स्वतःला विचारा, बैठक ठेवली किती वाजता? सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारीवर जाणारी बाई मजुरी बुडवून येणार आहे का? मी आयांनाच वेळ विचारायचे. बहुतेक वेळा संध्याकाळी साडेपाच ठरायचं, क्वचित आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी. घरी जायला मला उशीर व्हायचा, ते खरं. पण दहा-अकरा आया यायच्या, आणि पोषण आहाराच्या डाळीत पाणी जास्त पडतं हे मला त्यांनीच सांगितलं, अधिकाऱ्यांनी नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

नोटिशीत फक्त तारीख-वेळ लिहू नका, विषय लिहा. 'ऐनवेळचे विषय' या नावाखाली खरेदी मंजूर करणं तर अगदी बंद करा. ऐनवेळी आलेलं खर्चाचं काम पुढच्या बैठकीत जातं, आभाळ कोसळत नाही.

मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा पहिला विषय. 'वाचले असे समजण्यात आले' चालत नाही.

मूल शाळा सोडून गेलं की ती व्यक्ती त्या शाळेची पालक राहत नाही. दर जूनला सदस्यांची यादी हजेरीपटाशी ताडून पाहा आणि रिक्त जागा पालक सभेतून भरा, घरी बसून नाही.

खरेदी आधी आणि ठराव मागच्या तारखेने, हा प्रकार बिलाच्या तारखेवरून लगेच उघडा पडतो. लेखापरीक्षक आधी तेच बघतात.

वस्तू आली की त्याच दिवशी साठा नोंदवहीत, आणि बिलावर नोंदवहीचा पान क्रमांक. मोडकी बाकं निर्लेखन, म्हणजे साठ्यातून रीतसर कमी, केल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका, ती कितीही अडचण करत असली तरी.

लोकवर्गणीतून पंखा आला तरी पावती द्या आणि वहीत नोंद घ्या. देणगी देणाऱ्याला ती पावती जपून ठेवायची असते.

पीएफएमएस, म्हणजे सरकारी निधीचे व्यवहार होतात त्या ऑनलाइन प्रणालीचा, पासवर्ड बाहेरच्या संगणकवाल्याकडे ठेवणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. सोय होते म्हणे. शाळेचे पैसे कुणाच्या हातात दिले आहेत, याचा विचार तरी करा.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा उपआराखडा, आणि तो आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी तयार हवा. म्हणजे डिसेंबर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागचाच आराखडा तारीख बदलून देणाऱ्या एका शाळेने संरक्षक भिंतीची मागणी केली होती. भिंत आदल्या वर्षीच बांधून झाली होती. आराखडा करायचा तर सदस्यांना घेऊन शाळेला एक फेरी मारा, वर्गात, किचन शेडमागे, मुलींच्या स्वच्छतागृहात. कागद नंतर.

आता त्या पानाचं काय करायचं

ज्यांच्या वहीत असं कोरं पान आधीच आहे त्यांनी ते फाडू नये. फाडलेलं पान कोऱ्या पानापेक्षा वाईट, कारण क्रमांक तुटतो आणि मग काय लपवलं याची चर्चा होते. त्यावर मजकूरही भरू नये. पूर्ण पानावर तिरकी रेघ मारायची, 'बैठक झाली नाही, पान रद्द' असं लिहायचं, तारीख घालून सही करायची, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना ते पान दाखवायचं. एकदा अवघड जातं. मी त्या चौकशीनंतर अशी पाच पानं रद्द केली होती.

फोटो पाठवणाऱ्या सरांना मी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण मॅडम, मग या महिन्याची बैठकच नाही असं दिसेल." मी म्हटलं, महिना संपायला आठ दिवस आहेत, विषय लिहून नोटीस काढा. शनिवारी त्यांनी बैठक घेतली. रात्री फोटो आला : पान क्रमांक ३७, दोन ठराव, एका ओळीत खाडाखोड, सात सह्या आणि एक अंगठा, बाकी सहा नावांपुढे 'गैरहजर'.